पूर्णांकांची प्रकृती

मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय कुटुंबात आरोग्य ही अवस्था पूर्वी भुकेवरून, झोपेवरून आणि सकाळी पोट साफ होते की नाही यावरून ओळखली जात असे. गेल्या काही दशकांत ती आकड्यांवरून ओळखली जाऊ लागली असून 'तब्येत कशी आहे' या प्रश्नाला 'बरी आहे' असे उत्तर देणे आता अपुरे, किंबहुना काहीसे लपवाछपवीचे मानले जाते. विचारणाऱ्याला उपाशीपोटीची साखर, वरचा आणि खालचा रक्तदाब, कालची पावले आणि ड जीवनसत्त्वाची पातळी यांचा किमान गोषवारा अपेक्षित असतो, आणि उत्तर देणाराही तो खिशातील मोबाइलमधून तत्परतेने काढून दाखवतो. या आकड्यांपैकी जे विशेष लोकप्रिय आहेत त्यांचे एक लक्षण चटकन ध्यानात येते, ते म्हणजे त्यांचा गोलपणा. पावले दहा हजार, पाण्याचे ग्लास आठ, झोपेचे तास आठ, शरीराचे तापमान सदतीस. निसर्गाने मानवी देह घडवताना गणिताच्या सोयीचा इतका विचार केला असेल असे मानण्यास हातापायांची बोटे वगळता शरीरशास्त्रात फारसा आधार सापडत नाही.

या गोल आकड्यांची चरित्रे तपासली असता त्यांच्यात एक समान सूत्र दिसते. आकडा जेव्हा प्रयोगशाळेतून, रुग्णालयातून किंवा क्वचित एखाद्या कारखान्यातून निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर 'साधारणपणे', 'या वयोगटात', 'अन्नातील भाग धरून', 'अन्य आजार नसल्यास' अशा अटींचा मोठा लवाजमा असतो. मात्र नियतकालिके, व्याख्याने, नातेवाईक आणि व्हॉट्सॲपचे कौटुंबिक गट असा प्रवास करत तो सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर पोहोचतो, तोवर अटी वाटेत गळालेल्या असतात आणि आकडा एकटाच, अत्यंत आत्मविश्वासाने, बाकावर येऊन बसलेला असतो.

या परंपरेतील सर्वांत प्रतिष्ठित आकडा दहा हजार पावलांचा असून त्याचा जन्म वैद्यकीय महाविद्यालयात झालेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, त्यानिमित्ताने जपानमध्ये व्यायामाविषयी उत्साह पसरला आणि १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला अडकवायचे एक पाऊलमापक विक्रीस आणले, ज्याच्या 'मानपो-केई' या नावाचा अर्थच मुळी 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो. पुढे मनगटी यंत्रांनी आणि मोबाइलांनी तोच आकडा उचलला, आणि अशा रीतीने एका उत्पादनाचे नाव मानवजातीचे कर्तव्य बनले. संशोधकांनी या कर्तव्याची तपासणी बऱ्याच उशिरा केली. हार्वर्डमधील आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या पावलांची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटातील मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी आढळला आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ वाढेनासा झाला. २०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यातही सुमारे सात हजार पावले हे बहुतेकांसाठी पुरेसे सार्थ उद्दिष्ट असल्याचे दिसले. अर्थात येथे सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळणे, आणि कारणसंबंध, म्हणजे एकीमुळे दुसरी घडणे, यांतील भेद ध्यानात ठेवावा लागतो, कारण चालण्यामुळे माणूस निरोगी राहतो हे जितके खरे तितकेच निरोगी माणूस अधिक चालू शकतो हेही खरे आहे, आणि दोहोंची सरमिसळ पूर्णपणे सोडवणे अशा अभ्यासांना अवघड जाते.

दहा हजारांच्या साधनेचे सर्वांत उत्कट दर्शन सारसबागेत किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे घडत नाही, ते रात्री पावणेअकराच्या सुमारास दोन खोल्यांच्या सदनिकेत घडते. मनगटावर नऊ हजार एकशेचाळीस हा आकडा दिसत असतो, उरलेली आठशेसाठ पावले तारीख बदलण्यापूर्वी पडणे आवश्यक असते, आणि त्यामुळे सोफा, टीपॉय आणि शोकेस यांच्यामधील चिंचोळ्या मार्गाने गृहस्थांची प्रदक्षिणा सुरू होते. मालिकेचा उत्कर्षबिंदू चालू असताना दूरदर्शन संचासमोरून दर दहा सेकंदांनी जाणारी ही आकृती पाहून कुटुंबातील अन्य सदस्यांचा रक्तदाब किती वाढतो, याची नोंद मात्र कोणतेही मनगटी यंत्र ठेवत नाही. याच पंथातील दुसरी श्रद्धा अशी की यंत्राने न मोजलेली पावले पडलेलीच नसतात. मोबाइल चार्जिंगला लावून मंडईत जाऊन आलेल्या माणसाला ती पावले 'फुकट गेली' याची मनापासून हळहळ वाटते, म्हणजेच हृदयाने, पोटऱ्यांनी आणि गुडघ्यांनी प्रत्यक्ष केलेले काम केवळ कागदपत्रांअभावी नामंजूर होते. कचेरीच्या कारभारात आयुष्य घालवलेल्या समाजाला हा न्याय अपरिचित वाटत नाही, हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

पाण्याच्या आठ ग्लासांची कथा अधिक उद्बोधक आहे, कारण तेथे अट नेमकी कोठे गळाली ते दाखवता येते. १९४५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढ व्यक्तीस दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी योग्य ठरेल असे नमूद केले, त्यासाठी अन्नातील प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर असा ढोबळ हिशेब सांगितला, आणि लागलीच यातील बहुतेक पाणी तयार अन्नातच असते अशी जोडही दिली. लोकांनी पहिला भाग इतक्या भक्तिभावाने स्वीकारला की जोडवाक्यासाठी मनात जागाच उरली नाही. डार्टमथ येथील मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ मध्ये या विषयाचा सविस्तर धांडोळा घेतला, तेव्हा समशीतोष्ण हवामानात बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी प्रौढांनी आठ ग्लास पाणी प्यायलेच पाहिजे या म्हणण्यास शास्त्रीय पुरावा त्यांना आढळला नाही. शिजलेल्या भाताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणी असतो, ताकात आणि काकडीत तर नव्वद टक्क्यांहून अधिक, तेव्हा वरणभात, कढी आणि कोशिंबीर जेवून उठलेला माणूस 'आज पाणीच पोटात गेले नाही' अशी तक्रार करतो तेव्हा तो अन्नाशी कृतघ्नपणे वागत असतो. चहाला पाण्याच्या हिशेबात न धरण्याची प्रथाही अशीच अन्यायकारक आहे, कारण बेताच्या प्रमाणात घेतलेल्या चहातील बहुतांश पाणी शरीराला मिळतेच. पण सकाळपासून पाच वेळा अर्धा-अर्धा कप घेणाऱ्याला ही वार्ता कळवण्यात काही सामाजिक धोका आहे.

शिवाय 'ग्लास' हे माप कोणते, हा प्रश्न अनिर्णित राहतो. ज्या घरात फुलपात्र, स्टीलचा पेला आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला काचेचा उंच ग्लास हे तिन्ही एकाच फडताळात नांदतात, तेथे आठ ग्लास म्हणजे सव्वा लिटरपासून अडीच लिटरपर्यंत काहीही होऊ शकते. शरीर मात्र हे मोजमाप स्वतःच्या पद्धतीने करते: रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील संवेदक पेशी ते ओळखतात, व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप नेणारे रसायन, मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची सूचना देते, आणि त्याच सुमारास तहान लागते. या यंत्रणेला मर्यादा आहेत. वैशाखात विदर्भाच्या उन्हात राबणाऱ्या मजुराची गरज वातानुकूलित कचेरीतील लिपिकाहून कितीतरी अधिक असते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. मुतखडा होऊन गेलेल्यास अधिक पाणी पिण्याचा, तर हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही विकारांत पाणी मोजून पिण्याचा सल्ला डॉक्टर देतात. एवढ्या वेगवेगळ्या माणसांना एकच आकडा लागू पडावा ही अपेक्षा शरीरशास्त्राची नसून सोयीची आहे.

शरीराच्या तापमानाच्या बाबतीत गोल आकड्याने दशांशाचे सोंग घेतले आहे. लाइपझिग येथील वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध करून निरोगी तापमानाचा मध्य ३७ अंश सेल्सिअस सांगितला. या गोल संख्येचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर केले असता ९८.६ हा आकडा मिळतो आणि त्यातील टिंबानंतरच्या सहामुळे कोणी तरी अत्यंत सूक्ष्म मोजणी केली असल्याचा भास होतो. वस्तुतः तो सहा केवळ गुणाकाराचा प्रसाद आहे. वुंडरलिख यांचे तापमापक काखेत पंधरा-वीस मिनिटे धरावे लागत असे, आणि त्यांनी स्वतः तापमान दिवसाच्या वेळेनुसार, वयानुसार व लिंगानुसार बदलते हे सविस्तर लिहिले होते, परंतु ते ग्रंथातच राहिले. १९९२ मध्ये फिलिप मॅकोविआक यांच्या गटाने १४८ निरोगी व्यक्तींची मोजणी केली तेव्हा सरासरी ९८.२ अंश भरली, आणि स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२० मध्ये जुन्या-नव्या नोंदी ताडून अमेरिकी माणसाचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकापासून दर दशकास सुमारे ०.०३ अंश सेल्सिअसने उतरत आल्याचे दाखवले. म्हणजे ज्या आकड्याशी तुलना करून माणसे स्वतःला तापलेली समजतात, तो आकडाच बराच निवला आहे.

महाराष्ट्रीय गृहव्यवस्थेने मात्र तापमापकाची अंतिम सत्ता कधीच पूर्णपणे मान्य केली नाही. तापाच्या निदानाचा पहिला अधिकार कपाळावर ठेवलेल्या आईच्या हाताकडे असतो, दुसरा गळ्याला लावलेल्या आजीच्या बोटांकडे, आणि तापमापक केवळ त्यांच्या निर्णयावर शिक्कामोर्तब करण्यासाठी बोलावला जातो. त्याने तसे न केल्यास 'ताप आत आहे, अजून बाहेर आला नाही' असे निदान होऊन यंत्र पुन्हा कपाटात जाते. कणकण, कसर, अंग मोडून येणे आणि अंग तापणे अशी या शास्त्राची स्वतःची श्रेणी असून तिच्यात टिंबाला स्थान नाही. त्यातही ९९ अंश फॅरनहाइट या तापमानाला समाजात विशेष महत्त्व आहे: ते शाळेला दांडी मारण्यास पुरेसे असते, कचेरीत जाण्यास अडथळा ठरत नाही, आणि मावसबहिणीच्या लग्नास जायचे असल्यास दखल घेण्याजोगे राहत नाही. मॅकोविआक यांच्या मोजणीत निरोगी तापमानाची वरची मर्यादा ९९.९ अंशांपर्यंत आली होती आणि संध्याकाळचे तापमान सकाळपेक्षा स्वाभाविकपणेच चढे असते, हे पाहता या तिहेरी न्यायाला विज्ञानाचा अंशतः पाठिंबा आहे असेच म्हणावे लागेल.

वजनाच्या आकड्याची कहाणी पुण्यापर्यंत येऊन पोहोचते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा शरीरभार निर्देशांक, ज्याला बोलीत सर्वत्र बीएमआय म्हणतात, मुळात बेल्जियममधील खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांच्या १८३०च्या दशकातील कामातून आला. केतले यांना 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचे होते, शेजारच्या माणसाने पुरणपोळी खावी की नाही हे ठरवायचे नव्हते. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी या सूत्राला आजचे नाव दिले तेव्हाही मोठ्या जनसमूहांच्या अभ्यासाचे एक सोपे साधन हाच हेतू होता. पुढे जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटेखानी टिपण छापून या निर्देशांकाची मिश्कील परीक्षा घेतली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, म्हणजे कोष्टकाप्रमाणे दोघेही सारखेच सडपातळ; प्रत्यक्षात शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले असता युडकिन यांच्याकडे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्याकडे २१.२ टक्के चरबी भरली. दोन्ही लेखकांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने प्रसिद्ध झालेले हे टिपण, संशोधकाने स्वतःच्याच पोटाचा पुरावा म्हणून उपयोग केल्याचे विज्ञानाच्या इतिहासातील एक लोभस उदाहरण आहे.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून करत आलेल्या अभ्यासाने या विनोदाची गंभीर बाजूही दाखवली. तेथील नवजात बालके ब्रिटनमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांपेक्षा बरीच हलकी, सरासरी सुमारे २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो वजनाची होती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, चरबीची बाजू मात्र त्या मानाने राखली गेली होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी दडून बसण्याची ही सुरुवात गर्भातच होते आणि त्यामुळे मधुमेहाचा धोका कमी वजनातही संभवतो, असे यातून सूचित झाले. भारतीय तज्ज्ञांनी म्हणूनच बीएमआय २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे निकष सुचवले. कमरेचा घेर सर्वांत खालची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर मोजायचा असतो, ही अट मात्र पुरुषवर्गाने एकमुखाने फेटाळली असल्याचे दिसते. पट्टा पोटाच्या खाली बांधण्याच्या प्रथेमुळे पॅन्टचे माप पंचवीस वर्षे चौतीसच राहते, पोट त्या मापाच्या वर स्वतंत्रपणे प्रगती करत जाते, आणि गृहस्थ 'महाविद्यालयात होतो तेवढाच आहे' असे पुराव्यानिशी सांगू शकतात.

रेषा कोठे ओढायची हे माणसेच ठरवत असल्याने ती हलवताही येते, आणि ती हलली की अंथरुणात झोपलेला माणूस कूस न बदलता रुग्ण बनतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली, तेव्हा तेथील प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. या बदलामागे रक्तदाब लवकर आटोक्यात आणल्यास पक्षाघात व हृदयविकार टळतात हा ठोस पुरावा होता, आणि नव्याने रुग्ण ठरलेल्या बहुतेकांना औषधाऐवजी मीठ, वजन व व्यायाम यांकडे लक्ष देण्यास सांगण्यात आले होते. ही तपशिलाची बाजू घरगुती रक्तदाबयंत्राला कळत नाही. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी, पाय जमिनीवर ठेवावेत, हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि बोलू नये, असे नियम आहेत. त्यांपैकी शेवटचा पाळणे समाजाला सर्वांत जड जाते, कारण पट्टा फुगू लागताच सुनेने काल काय केले हे सांगण्याची ऊर्मी अनावर होते. नकोसा आकडा आल्यास दुसऱ्या हातावर, मग तिसऱ्यांदा, आणि शेवटी शेजाऱ्यांच्या यंत्रावर मोजणी केली जाते, व सर्वांत कमी भरलेला आकडा खरा मानून चहा टाकला जातो.

आकड्यांच्या या संस्कृतीचा कळस म्हणजे सवलतीच्या दरात मिळणारी संपूर्ण शरीरतपासणी. एका बाटलीभर रक्तात साठ-सत्तर चाचण्या बसवणारी ही योजना घरपोच असते आणि संध्याकाळी येणाऱ्या अहवालात काही आकडे ठळक किंवा तारांकित छापलेले असतात. त्या तारकेचा अर्थ समजण्यासाठी 'सामान्य मर्यादा' कशी ठरते हे पाहावे लागते: अनेक चाचण्यांत निरोगी माणसांची मोजणी करून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे मर्यादेत धरतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर ठेवतात, म्हणजे दर वीस निरोगी माणसांपैकी एक जण व्याख्येनेच बाहेर पडतो. चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर वीस चाचण्या करून घेणाऱ्या धडधाकट माणसाच्या अहवालात निदान एक तारका उगवण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते, आणि चाचण्या वाढतील तशी ती वाढते. अमेरिकी वैद्य क्लिफ्टन मेडॉर यांनी १९९४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात शेवटच्या निरोगी माणसाची कल्पित कथा लिहिली होती. तो माणूस बीजगणिताचा शिक्षक असावा हा योगायोग अर्थपूर्ण आहे. सरसकट आरोग्यतपासण्यांविषयीच्या प्रयोगांचा कोक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये सुधारलेला आढावा सुमारे अडीच लाख लोकांवरील माहितीतून असे सांगतो की अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्युदरात काहीच किंवा जेमतेम फरक पडतो. याचा अर्थ तपासणीच करू नये असा होत नाही, कारण तिशी ओलांडलेल्या भारतीयाने रक्तदाब आणि साखर अधूनमधून मोजून घेणे खचितच शहाणपणाचे ठरते. पण विशिष्ट प्रश्नासाठी केलेली चाचणी आणि संक्रांतीच्या सवलतीत मिळाली म्हणून केलेली चाचणी यांत महदंतर आहे. तारका दिसताच तो कागद छायाचित्ररूपाने पुतण्याकडे, पुतण्याच्या डॉक्टर मित्राकडे, आणि अखेरीस औषधाच्या दुकानातील मुलाकडे जातो, व ज्या डॉक्टरांना माणसाचा पूर्वेतिहास ठाऊक असतो त्यांच्याकडे सर्वांत शेवटी पोहोचतो.

साखरेच्या चाचणीबाबत समाजाने वेगळीच नीती अवलंबली आहे. तेथे चाचणीला परीक्षा समजून आदल्या दिवशी अभ्यास केला जातो. वर्षभर श्रीखंडाशी सलोखा राखणारा माणूस चाचणीच्या पूर्वसंध्येला ज्वारीची अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी खाऊन नऊ वाजता झोपतो, सकाळी रांगेत पहिला नंबर लावतो आणि मिळालेल्या गुणांवर संतुष्ट होऊन घरी जाताना जिलेबी नेतो. एचबीए१सी या चाचणीने ही सोय काढून घेतली. तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला रक्तातील साखर चिकटत जाते आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने चिकटलेल्या साखरेचे प्रमाण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. जून महिन्यात केलेली ही चाचणी हापूसच्या पेट्यांविषयी मौन पाळत नाही. ज्येष्ठ नागरिकांमध्ये तिच्याविषयी जी नाराजी आढळते ती वैद्यकीय कारणांमुळे नसून विश्वासघाताच्या भावनेतून आलेली आहे.

आकड्यांवरून महाराष्ट्रात घराघरांत तट पडल्याचे उदाहरण म्हणजे दीक्षित आणि दिवेकर या दोन आहारपद्धतींचा २०१८च्या सुमारास रंगलेला वाद होय. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीत दिवसातून केवळ दोनदा, कडक भूक लागेल तेव्हा जेवावे आणि जेवण ५५ मिनिटांत संपवावे असे सांगितले आहे. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर मात्र थोडेथोडे, थोड्याथोड्या अंतराने, स्थानिक आणि ऋतुमानानुसार खाण्यावर आहे. एकाच स्वयंपाकघरात सासू दोनदा व सून दर दोन तासांनी खाऊ लागली की ओट्याचे वेळापत्रक रेल्वेलाही झेपणार नाही इतके गुंतागुंतीचे होते. ५५ मिनिटांच्या नियमाने तर धर्मशास्त्राच्या तोडीची टीका-टिप्पणी जन्मास घातली. काळाची मोजणी मीठ वाढल्यापासून करावी की पहिल्या घासापासून, पंगतीतील श्लोकांचा अवधी वजा करावा काय, बुफेच्या रांगेत उभे असताना तोंडात टाकलेला पापड उपक्रम मानावा की नाही, आणि मठ्ठा छप्पन्नाव्या मिनिटाला आला तर तो वाढप्याचा दोष की कर्माचा, या प्रश्नांवर कार्यालयाकार्यालयांतून गंभीर खल झाला. दोन्ही पक्षांचे मूळ ग्रंथ बारकाईने पाहिले तर गोड व कारखानी पदार्थ आवरावेत, भूक ओळखावी आणि शरीर हलवावे याबद्दल त्यांच्यात भांडण नाही, पण ज्यावर भांडण नाही असा सल्ला लोकांना रुचत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा परस्पर बदलल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि हीच अट या वादाच्या गदारोळात सर्वांत हळू आवाजात सांगितली गेली.

गोल आकड्यांचा हा मोह केवळ अज्ञानातून येतो असे मानणे योग्य होणार नाही. संशोधनातून बहुधा वक्ररेषा मिळते: थोडे केल्यास मोठा लाभ, अधिक केल्यास त्याहून थोडा अधिक, आणि पुढे सपाटी. वक्ररेषा सत्य असली तरी तिच्यात 'झाले' असे म्हणण्याची जागा नसते, आणि कर्तव्य पूर्ण करून मोकळे होण्याची माणसाची इच्छा फार जुनी आहे. पूर्णांक ती इच्छा पुरवतो, शेजाऱ्याशी तुलना करू देतो, आणि अपयशालाही नेमके माप देतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवताना, अजिबात न हलण्यापेक्षा थोडे हलणेही चांगले, असे स्पष्ट म्हटले आहे. पण 'थोडे' हा शब्द मनगटी यंत्राच्या पडद्यावर मावत नाही आणि त्याची शेखीही मिरवता येत नाही. म्हणून आकडा टाकून देण्याची गरज नाही, त्याला त्याच्या हरवलेल्या अटी परत मिळवून देण्याची आहे: हा आकडा कोणी, कोणत्या माणसांवर, कशासाठी काढला, आणि त्याच्या अल्याड-पल्याड किती जागा आहे, एवढी चौकशी केली तरी त्याचा निम्मा दरारा ओसरतो आणि उरलेला निम्मा उपयोगी पडतो.

ही चौकशी करण्याचा सल्ला समाज कितपत मानेल याविषयी आशावादी राहण्यास हरकत नाही, मात्र आरोग्यविषयक व्याख्यानांचा आजवरचा अनुभव पाहता त्याचे भवितव्य वर्तवता येते. वक्त्याने तासभर खपून आकड्यांच्या फार आहारी जाऊ नये हे पटवून दिल्यावर, आभारप्रदर्शनाच्या आधी, दुसऱ्या रांगेतील एक श्रोता वही उघडून उभा राहील आणि आकडे विसरण्याचा हा प्रयोग दिवसातून किती वेळा, किती मिनिटे, आणि उपाशीपोटी करायचा की जेवणानंतर, एवढे तेवढे नक्की सांगावे, अशी विनंती करील.